वेगळी बांधलेली चिमणाबाई

गंगावेशीच्या कट्ट्यावर तुम्ही कधी उभ्या उभ्या दूध प्याला असाल, तर ते चिमणाबाईच्या हातचं असण्याचा संभव मोठा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर आणतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. ग्लास पुढं करायचा, फेसासकट ऊन ऊन दूध तिथंच संपवायचं, मिशी पुसायची आणि आपापल्या कामाला लागायचं.

नाव चिमणा, पण बाई अशी दांडगी की ती कासेखाली बसली की म्हैसच अंग चोरून उभी राहायची. आणि तोंड? एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ ग्लास उजेडात धरून म्हणाले, "बाई, यात पाणी नाही ना?" चिमणाबाई कासेवरचा हात न काढता म्हणाली, "पावणं, म्या तर तुमच्या म्होरंच काढलं. म्हशीनं आतल्या आत घातलं आसंल तर तिला इचारा." ते गृहस्थ कोल्हापुरात होते तोवर रोज दूध प्यायला आले, पण पुन्हा काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत.

अशी ही बाई एका वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला गप्प झाली, त्याची ही हकिकत. सत्त्याहत्तर नाहीतर अठ्ठ्याहत्तर साल असेल, म्हणजे त्याला आता सात-आठ वर्षं झाली. आमचं घर त्यांच्या गोठ्याला लागून. मधली भिंत छातीएवढी, त्यामुळं एका घरात शिंक आली की दुसऱ्या घरातून 'सत्य हाय' असं उत्तर यायचं. मला जे दिसलं नाही ते आमच्या मंडळींनी, म्हणजे शालूबाईनं सांगितलं, आणि शालूबाईला खुद्द चिमणाबाईनं. लिहू का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "लिवा की. आवंदा म्हशीचं दूध पातळ हुतं आसं तेवडं लिवू नगा."

घरात माणसं तीन. नवरा जोतीराम. हा अंगानं वाळका आणि बोलायला मवाळ, पहाटे कुरणातली वैरण सायकलीवरून आणायचा, आणि दिवसभरात जे चार शब्द बोलायचा त्यातले तीन म्हशीशी. सासू धोंडुबाई. तिचा उजवा गुडघा हा आमच्या गल्लीतला एक स्वतंत्र इसम होता. त्याची चौकशी केल्याशिवाय कुणाला तिच्या दारावरून पुढं जाता येत नसे. आणि तिसरी चिमणाबाई. एकुलती लेक बना गारगोटीला दिलेली, तिला नुकतंच पहिलं मूल झालेलं.

तर त्या वर्षी राजारामपुरीतल्या एक लेडी डॉक्टर, प्रमोदिनीबाई, आमच्या गल्लीत बायकांपुढं बोलायला आल्या. पस्तिशीच्या पुढच्या बायकांनी एकदा तपासून घ्यावं, गर्भाशयाच्या तोंडावरचं पाणी काचेवर घेतात आणि भिंगाखाली बघतात, दुखत नाही, पुढचा मोठा रोग आधीच कळतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि उठून गेल्या. आमच्या शालूबाईच्या मात्र डोक्यात ते बसलं. पण ही अशी भित्री, की दाताच्या डॉक्टरची पाटी दिसली तरी रस्ता बदलायची.

"चिमणे, तू येत आसशील तर मी जातो," भिंतीवरून म्हणाली. आमच्याकडं बायकासुद्धा जातो-येतोच म्हणतात, त्याला हसू नका.

"चल की! मला काय हुतंय? म्हशीला डाक्टर बगतोय तवा ती काय रडती व्हय? तशी उबी ऱ्हातो."

गेल्या, तपासून आल्या. काचा मिरजेला जातात, पंधरवड्यानं या, असं सांगितलं होतं. पंधरवड्यानं पुन्हा दोघी गेल्या. रात्रभर देवाचं नाव घेतलेली शालूबाई आधी आत गेली आणि हसत बाहेर आली. मग चिमणाबाई आत गेली.

प्रमोदिनीबाई शांत बाई. त्यांनी समोर बसवलं आणि सांगितलं, "चिमणाबाई, घाबरू नका. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पण काचेवर काही पेशी बदललेल्या दिसतात. असा बदल कधी तिथंच थांबतो, कधी पुढं जातो. म्हणून एक बारीकसा तुकडा काढून तपासायला पाहिजे. पाळी येऊन गेली की या. आणि येताना मालकांना नाहीतर सासूबाईंना संगं आणा."

आता यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण असल्या वेळी पहिला अवघड शब्द कानात शिरतो आणि दार लावून घेतो. मागचे सगळे शब्द बाहेर ताटकळतात. चिमणाबाईच्या कानात 'कॅन्सर' शिरला, 'नाही' बाहेर राहिला. त्याच्या मागोमाग शिरलं ते 'मालकांना आणा'.

ती बाहेर आली. शालूबाईनं विचारलं, "काय ग?"

"काय न्हाय. माजं बी चांगलं हाय."

वाटेत शालूबाईनं आनंदानं भजी घेतली आणि कागद पुढं केला. चिमणाबाईनं हात मागं घेतला. "मला नगं. पोटात जागा न्हाय." भज्याला नको म्हणणारी चिमणाबाई शालूबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

हात का मागं घेतला, ते आता सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. दोन वर्षांमागं त्यांच्या गोठ्यातली एक म्हैस गाभडली. चांगली दुधाळ म्हैस, दिवस भरत आलेले, आणि टाकलं. गुरांचा डॉक्टर आला. म्हणाला, "पिशवीचा आजार आहे. लागण होते. ही वेगळी बांधा. हिचं दावं, हिची घमेली वेगळी ठेवा. दूध कुणाला घालू नका." त्याप्रमाणं ती म्हैस गोठ्याच्या पार टोकाला, भिंतीशी एकटी बांधली. ती दावणीकडं मान वळवून हंबरायची. दावणीच्या म्हशी इकडून उत्तर द्यायच्या. आम्हाला भिंतीपलीकडं झोप लागायची नाही. एक दिवस टेम्पो आला आणि तिला घेऊन गेला. वेगळी बांधलेली ती म्हैस परत दावणीला आली नाही.

चिमणाबाईनं माणसांचा पिशवीचा आजार कधी बघितला नव्हता. म्हशीचा बघितला होता. जे ठाऊक होतं त्यावरून तिनं हिशेब बांधला. घरी आली आणि कुणाला काही न सांगता तिनं स्वतःला वेगळं बांधलं.

आपलं ताट, आपला तांब्या, आपली वाटी तिनं वेगळी काढली, राखेनं घासून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. जोतीरामच्या शेजारचं अंथरूण उचललं आणि गोठ्यालगतच्या पडवीत टाकलं. जेवायला सगळ्यांच्या नंतर, एकटी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर म्हैस बांधून ती बाजूला उभी राहिली.

"आज तुमी काडा धार," नवऱ्याला म्हणाली.

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि बसला. म्हशीनं एक लाथ अशी घातली की चरवी पार रस्त्याच्या मध्यावर. कट्ट्यावर हशा. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "जोतीबा, लुगडं नेसून बस, मग पान्हा सोडंल!" चिमणाबाई हसली नाही. आपला हात लागला तर दूध बाटणार, ते दूध लोकांची पोरं पिणार, एवढंच तिच्या डोक्यात. हात पदराखाली दाबून उभी. म्हैस मान वळवून तिच्याकडं बघत होती आणि ही दुसरीकडं बघत होती.

आता असं घरात चाललं तर चार दिवसांत बोभाटा व्हायचाच. मला वाटलं भांडण झालं. शालूबाईला वाटलं जोतीराम काही बोलला. जोतीरामला वाटलं... पण त्याचं नंतर सांगतो. खरा उलगडा केला तो धोंडुबाईनं. आपल्या दारात बसून, गुडघ्यावर तेल चोळत तिनं जाहीर केलं, "सून देवीचं पाळतीया. कडक. येगळं ताट, येगळं हातरुन. कुणाला सांगायचं नसतंय ते, म्हून गप हाय."

"कशापायी वो?" कुणीतरी विचारलं.

"कशापायी म्हंजे? माज्या गुडघ्यापायी! दुसरं हाय काय ह्या घरात दुखणारं?"

आणि बघा गंमत, गुडघा बरा व्हायला लागला. खरंच. धोंडुबाई काठीशिवाय नळावर जाऊन भांडून आली. गल्लीनं हात जोडले.

चिमणाबाई तेव्हाच 'न्हाय' म्हणाली असती तर? पण 'न्हाय' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग वेगळी का ऱ्हातीस? त्याचं उत्तर तिच्याजवळ एकच होतं आणि ते तिला तोंडाबाहेर काढायचं नव्हतं. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यानं धोंडुबाईची खात्री पटली.

आणि मग नियम सुरू झाले. मला तर वाटतं, धोंडुबाईला सबंध आयुष्यात एवढा अधिकार कधी मिळाला नव्हता. चिमणाबाई एक गोष्ट करायची आणि सासू तिचा नियम करायची. धार काढायची सोडली, तर "पाळणाऱ्या बाईनं वासराच्या वाटणीचं काडू ने." हा नियम मी ह्या वयापर्यंत दुसरीकडं कुठं ऐकला नाही. नंतर सासू स्वतःच्या पदरचे नियम घालायला लागली. पायात चप्पल नको. कांदा-लसूण नको. मंगळवार-शुक्रवार एकवेळ जेवण. कुणाच्या दारात जायचं नाही. आणि गल्लीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

तो शेवटचा नियम नेमका त्या दिवशी निघाला, ज्या दिवशी चिमणाबाई निघाली होती. पाळी येऊन गेली होती. धीर करून तिनं बरं लुगडं नेसलं, पदर घेतला. कुणाला संगं न्यायचं ते ठरत नव्हतं, पण एकटी तर जाऊ, असं मनाशी म्हणत उंबऱ्यापर्यंत आली.

"कुटं ग?" धोंडुबाई.

"राजारामपुरीत. काम हुतं."

"पाळणीत गल्ली वलांडायची न्हाय. देवीला दार बंद केल्यागत हुतंय."

चिमणाबाई उभी राहिली आणि मग मागं वळली. तिनं पुढं शालूबाईला सांगितलं, "खरं सांगू? मला बरंच वाटलं. कुनीतरी आडवलं. म्हंजे मी न्हाय गेलो, मला जाऊ दिलं न्हाय." त्या रात्री तिला झोप आली नाही. जाऊ दिलं नाही हेही खरं आणि गेलो नाही हेही खरं, आणि दोन्हीच्या मधे ती भिंतीशी पडलेली.

दिवसभर ती अंगातच कान देऊन असायची. कंबर दुखली, तर हे तेच का? पोटात गोळा आला, तर हे तेच का? बसल्या जागी पाय मुंग्यांनी भरला तरी तेच. इतके दिवस शरीर म्हणजे बैलगाडीसारखं वापरलं, कधी चाकाचा आवाज ऐकला नाही. आता प्रत्येक कुरकुरीला ती दचकायची. गोठ्याच्या टोकाला जिथं ती म्हैस बांधली होती तिथला खुंटा अजून होता. त्या बाजूचं शेण ती काढायची नाही. रस्त्यावरून टेम्पो गेला तरी तिच्या हातातली बादली थांबायची.

याच दिवसांत गारगोटीहून बना बाळ घेऊन आली. नातू पहिल्यांदाच आजोळी येत होता. बनानं दारातूनच हाक मारली, "आये, घे ह्याला!" आणि बाळ पुढं केलं.

चिमणाबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

मी भिंतीशी उभा होतो, मला दिसत होतं. हात पाठीमागं आणि चेहरा असा, की कुणी तिचे हात मागं बांधले असावेत. बना तशीच बाळ पुढं करून उभी.

"आये?"

"पाळणाऱ्या बाईनं तान्ह्याला घेऊ ने!" आतून धोंडुबाईचा आवाज आला.

बना मुक्कामाला आली होती, ती दुसऱ्याच दिवशी निघाली. जाताना म्हणाली, "पाळनूक सपली की मग सांगून धाड. तवर ह्यो पळायला लागंल." चिमणाबाई एसटी स्टँडवर सोडायलासुद्धा गेली नाही. गल्ली ओलांडायची नव्हती ना.

आमची शालूबाई तोवर अस्वस्थ झाली होती. भिंतीवरून म्हणाली, "चिमणे, डाक्टरनीनं तुला कायतरी सांगितलंय."

"तुला सांगितलं तेच."

"मग भजी का खाल्ली न्हाईस?"

"तू काय भज्याचं पोलीस हाईस काय ग?" चिमणाबाईनं शेणाची पाटी उचलली आणि आत गेली. शालूबाई मला म्हणाली, "भांडली. पर दम न्हाय भांडनात."

आषाढ लागला. आता आमच्या गावची त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा ठाऊक नसलेल्यांना सांगतो, थोडक्यात सांगतो, नाहीतर मी त्यातच रमेन. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी एकेक पेठ, एकेक गल्ली ते पाणी कलशात भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेते आणि देवीच्या पायरीवर ओतते. वाजंत्री अशी, की सनईनं 'पीऽऽ' म्हणायचं आणि ढोलानं 'ढबाक!' म्हणून तिला गप्प करायचं. त्यालाच पी ढबाक म्हणतात. ते वाजायला लागलं की शेजारच्याचं बोलणं सोडा, आपलंही ऐकू येत नाही. एका वर्षी मी त्या गर्दीत सासऱ्याला...जाऊ द्या, ते पुन्हा कधी.

आमच्या गल्लीचा शुक्रवार ठरला. पहिला कलश कुणाच्या डोक्यावर? प्रश्नच नव्हता. गल्लीत इतकी कडक पाळणारी दुसरी होती कोण? पंच घरी येऊन सांगून गेले. चिमणाबाई म्हणाली, "दुसरीला द्या." पंच म्हणाले, "बगा, कसा नम्रपणा!" देवीच्या कामाला गल्ली ओलांडलेली चालते, असा नवा नियम धोंडुबाईनं लगेच केला.

शुक्रवारी सकाळी घाटावर बायकांनी अंघोळी केल्या, ओल्या लुगड्यांनी उभ्या राहिल्या. कलश भरले, निंबाचे डहाळे लावले. वाजंत्री सुरू झाली. धोंडुबाई सुनेसमोर आली, कलश दोन्ही हातांनी वर उचलला. शालूबाई शेजारीच होती, तिच्या तोंडून हे ऐकलेलं आहे.

चिमणाबाईनं मान बाजूला घेतली. "आत्ती, नगा ठिऊ."

पीऽऽ ढबाक!

"आँ?"

"माज्या डोक्यावर नगा ठिऊ! मी काय पाळत न्हाय!"

पीऽऽ ढबाक!

"काय पायजे?" धोंडुबाईला वाटलं चुंबळ मागते आहे. तिनं चुंबळ पुढं केली.

इतके दिवस दातांआड धरलेली गोष्ट तिला आता नदीच्या काठावर ओरडून सांगायची वेळ आली, आणि ढोलवाला काही थांबत नव्हता. लांब सांगून उपयोग नव्हता. ती सासूच्या कानाला लागली आणि पोटातून ओरडली, "आत्ती! मला पिशवीचा आजार हाय! म्हून मी मलाच येगळं बांदलंय! ह्ये पानी सगळ्या गल्लीचं हाय, बाटंल!"

धोंडुबाईनं ऐकलं. कलश तसाच वर धरलेला. मग तिनं तो शेजारच्या शालूबाईच्या डोक्यावर ठेवला, असा दाणकन, की आमच्या मंडळींची मान पुढं आठवडाभर धरली होती. आणि सुनेचं मनगट पकडून ती गर्दीतून निघाली.

चिमणाबाई आता रडत होती, मोठमोठ्यानं, केस सुटलेले, अंगावर ओलं लुगडं, आणि म्हातारी तिला ओढत नेते आहे. लोकांनी काय समजावं? "आंगात आलं! चिमणाबाईच्या आंगात आलं!" माणसं हात जोडून बाजूला सरली. दोघीतिघी पाया पडल्या. ढोलवाल्यानं तर हात दुप्पट केला. त्या बाईचं खरं दुःख बाहेर पडलं तेव्हासुद्धा गावानं त्याला देवीच समजलं. पण एक झालं, वाट मिळाली.

रिक्षात धोंडुबाई एकच वाक्य बोलली. "गल्ली वलांडायची न्हाय आसं मीच म्हनलं व्हतं न्हवं? मग आता मीच वलांडतो. चला, राजारामपुरी."

प्रमोदिनीबाईंनी दोन ओल्या बायका दारात बघितल्या आणि आधी टॉवेल दिले. मग विचारलं, "इतके दिवस का नाही आलात?" चिमणाबाईनं सांगितलं. गाभडलेली म्हैस, वेगळं दावं, वेगळं घमेलं, दूध, नातू, सगळं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या म्हशीचा रोग वेगळा. गुरांच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. पण तुमच्यात तसलं काही नाही. ताटातनं जात नाही, हातातनं जात नाही, दुधातनं जात नाही. नातवाला घेतलं तर त्याला काही होत नाही. काचेवर दिसलं ते रोगाचं घर नव्हे, पुढं रोग येईल का, एवढी शंका आहे."

"आन माजा गुडगा?" धोंडुबाई मधेच म्हणाली. "ही पाळत नव्हती, तर मग त्यो कशानं बरा झाला?"

"रोज तेल लावून चालताय ना आता?"

"व्हय, हिचं पाळनं बगाय येनाऱ्यांस्नी सांगत फिरावं लागतंय न्हवं."

"मग चालत राहा."

तुकडा त्याच दिवशी काढला. दुखलं का, तर चिमणाबाई म्हणते, "चिमटा. पर त्या चिमट्यापायी मी दोन महिने मेलो हुतो."

तुम्हाला वाटेल, संपलं. तसं नव्हतं. तुकडा मिरजेला गेला आणि पुन्हा वाट बघणं आलं. फरक एवढाच की आता सगळं घर त्या दाव्याला. संध्याकाळी जोतीरामला धोंडुबाईनंच सांगितलं. तो पडवीत गेला, बायकोच्या अंथरुणाजवळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, मी नगं झालोय तुला. देवीचं नाव फुडं केलंस."

"आसं कसं वाटलं?"

"हातरुन उचललंस की."

"तुमास्नी लागंल म्हून."

"आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगून तुमी काय केलं आसतं?"

जोतीरामनं प्रामाणिकपणे विचार केला. "काय न्हाय," म्हणाला. "बसलो आसतो हितं."

आणि बसला. आमच्या घरात दिवा मालवला तेव्हाही बसलेला होता.

धोंडुबाईचं मात्र नवीन संकट. माया कशी करायची हे तिला येत नव्हतं. सुनेच्या हातातलं काम काढून घ्यायची, दुधावरची साय आणून द्यायची, हळू आवाजात बोलायची. चिमणाबाईला वाटायचं, मी मरणार म्हणून ही अशी वागते. शेवटी एक दिवस ती भांडी आपटून म्हणाली, "आत्ती, पाया पडतो, मला शिव्या द्या. तुमी गोड बोलला की मला तिरडी दिसती."

धोंडुबाईला एवढंच पाहिजे होतं. तिनं तोंड उघडलं ते अर्धा तास मिटलं नाही. चिमणाबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

बनाला निरोप गेला. ती आली, बाळ आईच्या मांडीवर टाकलं आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत बसली. बाळ परक्या माणसाला बघून किंचाळायला लागलं. "रडू दे," चिमणाबाई म्हणाली, "मला वळखत न्हाय त्यो, माजाच दोष हाय," आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

मिरजेहून उत्तर आलं. आता तिघंही राजारामपुरीत गेली. बदल आहे, पण कॅन्सर झालेला नाही. ती जागा शेक देऊन जाळून टाकू, असं ठरलं. ते झालं, दुखणं ओसरलं. मग चिमणाबाईनं विचारलं, "म्हंजे आता सुटलो न्हवं मी?"

प्रमोदिनीबाई सरळ बाई. म्हणाल्या, "सुटलात असं मी म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी या. चांगलं येत गेलं की वर्षानं या."

चिमणाबाई चिडली. "ह्ये काय म्हनायचं? जन्माचं दावं?"

"दावं लांब आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही फिरायचं ठरवलं तर पुष्कळ फिरता येईल."

ह्या उत्तरावर ती खूश झाली नाही. अजून नाही. मला पुष्कळदा म्हणाली आहे, "डाक्टरनीनं एकदा 'सुटलीस' म्हनायला काय जात हुतं?" तिला ते एक वाक्य पाहिजे होतं आणि ते तिला कुणी दिलं नाही. तिथून पुढं आजतागायत ती नेमानं जाते. आजवर दरवेळी चांगलं आलं. तरी तपासणी जवळ आली की तिचा आवाज उतरतो, कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांची थट्टा बंद होते, कंबर दुखते, आणि ती सांगते की दुखते. पूर्वी सांगत नव्हती, आता येईल त्याला सांगते. दूध प्यायला आलेल्या पावण्यालासुद्धा. पावणं ग्लास तोंडाला लावून गर्भाशयाच्या तोंडाची माहिती ऐकतात आणि खाली न बघता पैसे देऊन जातात. त्यांच्या बायका मात्र दुसऱ्या दिवशी येतात, दूध न घेता बाजूला उभ्या राहतात आणि हळूच विचारतात, "दुकतंय का वो फार?"

पुढच्या आठवड्यात तिची पुन्हा खेप आहे राजारामपुरीची. काल संध्याकाळी मी भिंतीवरून विचारलं, "चिमणाबाई, अजून भ्या वाटतंय का हो?"

"वाटतंय की. काल रातच्याला डोळा न्हाय लागला. ह्यास्नी बी जागं केलं, आत्तीस्नी बी. तिगं बी बसलो हुतो." तिनं चरवी उचलली. "थांबा जरा, धार काडून येतो, मग सांगतो."